मळीत अडकलेला व्हॉल्व्ह

त्या वर्षी कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. एरवी दिवाळी सरता सरता आमच्या वसाहतीच्या हवेत एक गोड, जडसर, किंचित आंबूस वास उतरायचा आणि होळीपर्यंत मुक्कामाला राहायचा. वाळत घातलेल्या साड्यांत, उशांच्या अभ्र्यांत, माझ्या वह्यांच्या पानांतही तोच वास असायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो जाणवायचाही नाही. त्या वर्षी मात्र शेतात ऊसच उभा नव्हता, म्हणून गळीत झाले नाही, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळले की वास नसण्यालाही एक वास असतो. धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा, वाळून कडक झालेल्या निंबोळ्यांचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गळीत नाही म्हटल्यावर बरेच कामगार घरी बसले. अण्णांना थांबलेल्या यंत्रांना तेलपाणी करण्यापुरते ठेवून घेतले होते. रोज सकाळी ते नेमाने डबा घेऊन जात, मुक्या यंत्रांच्या अंगावरून फडके फिरवत आणि परत येत. त्यांच्या तळहातांना नेहमी लागलेले काळे तेल हळूहळू नाहीसे होत होते. स्वच्छ तळहातांचे अण्णा मला परके वाटू लागले होते.

त्यांचे खरे काम वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. तिथे त्यांची गाडी होती. परदेशी बनावटीची, दोनच आसनांची, जमिनीला लागून बसलेली, कधीकाळी शर्यतीच्या हौशी लोकांनी पळवलेली जुनी गाडी. एका जुन्या बागायतदाराच्या गोठ्यात ती कडब्याखाली पडून होती. अण्णांनी त्याचे पाण्याचे इंजिन दुरुस्त करून दिले आणि मोबदल्यात हे गबाळ ओढून आणले. मूळचा हिरवा रंग शेवाळासारखा जागोजागी उरलेला होता, कापडी छत उंदरांनी खाल्लेले होते. कित्येक वर्षे अण्णा तिचा एकेक भाग उघडत, घासत, परत बसवत आले होते. आई तिला ‘माझी सवत’ म्हणायची. रविवारी अण्णांची चप्पल दारात दिसली नाही की म्हणायची, “गेले का तिकडं? पावडर न्हाई लावून गेले?”

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याने जनावरांसाठी छावणी उघडायचे ठरवले. पंचक्रोशीतली गुरे येणार होती, बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारा कडबा आणि उसाचे वाढे साठवायला आडोसा हवा होता. सोमवारी चाऱ्याचे ट्रक येतील, तोवर शेड रिकामी करा, असा निरोप आला. अण्णांनी एक शब्दही उलट काढला नाही. “जनावरापुढं लोखंडाचं काय एवढं,” एवढेच म्हणाले, आणि जेवताना भाकरीचा तोच तुकडा बराच वेळ आमटीत फिरवत बसले.

आमच्या क्वार्टरसमोर सायकल उभी राहील एवढीच जागा होती. गाडी ठेवण्याजोगे मोठे अंगण एकच होते, वडवणीला, माझ्या मामाचे. आईने त्याला विचारून पाठवले. मामाचा निरोप आला, “चालत आली तर आणा. दोरीनं वढत आणायची आसंल तर नगा आणू. हीर बंद, मोटार बंद, यंदा दारात बंद पडलेलं आनखी काय नको मला.” त्याचा राग आला नाही. त्याच्या अंगणात मी उभी राहिले होते. विहिरीवरची मोटार पोत्याने झाकून ठेवलेली होती आणि त्या पोत्याकडे कोणीही पाहत नसे.

तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता. सोमवारपर्यंत गाडी स्वतःच्या पायांनी चालली तर वडवणी, नाही तर भंगारवाला. तो येऊन पाहून गेला होता. गाडीच्या नाकावर बोटाने टकटक करून, पत्रा किती जाड आहे ते ऐकून गेला होता.

तसे इंजिन सुरू होत होते. पण सुरू झाले की तेलाच्या दाबाचा काटा तळाशी पडून राही, आणि अण्णा घाईने ते बंद करत. “तेल वर चढंना,” ते म्हणायचे. “असं चाललं तर आतल्या आत घासून जळंल.” दोष एका लहानशा भागात होता. इंजिनच्या कुशीत एक भोक, त्यात अंगठ्याएवढा, वाटीसारखा पोकळ व्हॉल्व्ह, त्याच्या पाठीशी स्प्रिंग आणि वर टोपीसारखा नट. तेलाचा दाब वाढला की तो व्हॉल्व्ह मागे सरकायचा आणि कमी झाला की पुढे येऊन वाट बंद करायचा. वर्षानुवर्षे उभे राहिल्याने तो अर्ध्या उघड्या स्थितीत गच्च बसला होता आणि सगळे तेल तिथूनच तळाला परत जात होते. अण्णांनी नट काढला, स्प्रिंग काढली, व्हॉल्व्ह हलेना. ठोकायची सोय नव्हती. भोकाची आतली भिंत खरवडली गेली असती तर ते इंजिन कायमचे गेले असते. तसे दुसरे कुठून आणणार?

म्हणून आठवडाभर आधी अण्णांनी त्यांच्या वर्कशॉपचा हुकमी उपाय केला होता. साखर कारखान्यात गंजलेले नट-बोल्ट मळीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, दाट पाक. ती पाण्यात कालवली की सावकाश गंज खाते, आणि काही दिवसांनी लोखंड नव्यासारखे निघते. गेल्या गळितातली मळी टाकीच्या तळाशी होतीच. अण्णांनी ती त्या भोकात भरली, वरून नट लावला आणि वाट पाहिली.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा शेडमध्ये ब्लो लॅम्पचा फरफराट चालला होता. अण्णांचे मित्र, बॉयलरवर काम करणारे काका, उपड्या डब्यावर बसले होते. बॉयलर थंड होता, त्यामुळे त्यांना सध्या सल्ला देण्याखेरीज उद्योग नव्हता.

“मिस्त्री, छिन्नी लाव न् दोन ठोके घाल,” काका म्हणत होते. “आज न्हाई तर सोमवारी भंगारवाला घालनारच हाय.”

“त्याचं त्याला घालू दे. माझ्या हातानं न्हाई.”

मळीने गंज सुटला नव्हता. उलट व्हॉल्व्ह आधीपेक्षा घट्ट बसला होता. आता अण्णा बाहेरून लोखंड तापवून पाहत होते. मी चहा खाली ठेवला आणि थबकले. केरोसीनच्या उग्र वासाखालून दुसराच एक वास वर येत होता. करपट, गोड, घशाशी गुदगुल्या करणारा.

“अण्णा, कशाचा वास येतोय हा?”

“कशाचा म्हंजे? गंज तापलाय.”

“गंज असा नसतो. गंजाचा वास जिभेच्या कडेला लागतो, ओल्या पैशासारखा. हा चिक्कीचा आहे.”

मी कॉलेजात मराठी शिकत होते. काका खो खो हसले. “शिकाया घातली पोरगी कवितेचं, आन् ती इंजिनात चिक्की हुडकायली!”

पण अण्णांनी लॅम्प बंद केला. लोखंड निवेपर्यंत ते थांबले. मग एक बारीक तार आत घालून त्यांनी खरवडले. तारेच्या टोकावर काचेच्या कणासारखा तांबूस तुकडा आला. त्यांनी तो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिले आणि जिभेवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दुःख होते की हसू, हे मला आजही सांगता येणार नाही.

“साखर,” ते म्हणाले.

“पानी किती घातलं व्हतं मळीत?” काकांनी विचारले.

“घातलं व्हतं चमचाभर.”

“चमचाभर! कावून?”

“हिच्या आयच्या भ्यानं. पान्याचा हंडा उघडला की तिला झोपंत बी ऐकू येतं.”

काकांनी कपाळाला हात लावला. “आरं, सारा जल्म साखरंच्या कारखान्यात गेला तुझा, आन् उन्हात पाकाचं काय व्हतं ते ठावं न्हाई व्हय बे? तू गंज न्हाई सोडवला, त्याला पाकात घोळून बशीवलास!”

चूक अशी होती. ज्याच्या घरात पाणी आहे असा माणूस ती करूच शकला नसता, आणि ज्याचा मळीवर विश्वास नाही असाही नाही. पण एकदा कळल्यावर उपायही तिथेच होता. साखर ठोकून निघत नाही, विरघळते. हवे होते गरम पाणी, आणि ते ओततच राहावे लागणार होते.

त्या दिवसांत टँकर आला की वसाहतीतल्या बायका भांड्यांच्या रांगेशी उभ्या राहत, आणि घरात कुठले पाणी कशाचे हे ठरलेले असे. पिण्याचे माठात, भांड्यांचे बादलीत, आंघोळीचे तांब्याच्या घंगाळात, झाकण घालून. अण्णा दारात उभे राहिले. आई ज्वारी पाखडत होती.

“अगं, थोडं पानी तापवतीस का?”

“कावून? आंघोळ केली की सकाळी.”

“गाडीला.”

सूप थांबले. “माणसाला न्हाई आन् गाडीला? गुलाबपानी नको का तिला?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी चिक्कीची हकिगत सांगितली. आई ऐकत होती आणि सुपातला एक खडा बोटाने इकडून तिकडे सरकवत होती.

“घातलं पानी, तर निघंल का पन?” तिने अण्णांना विचारले.

“सांगता येत न्हाई,” अण्णा म्हणाले.

त्यांनी ‘हो’ म्हटले असते तर आईने सूप पुन्हा हलवायला घेतले असते, असे मला वाटते. ती उठली, घंगाळावरचे झाकण काढले आणि किटली बुडवली. “माझ्या वाटचं हाय हे. मी आज तोंडावर हात फिरवीन न् ऱ्हाईन. पन तुमी नका वतू. तुमच्या हातून सांडंल.”

अशी आई त्या शेडमध्ये पहिल्यांदा आली. पदर खोचून ती गाडीशेजारी उकिडवी बसली. अण्णांनी भोकाला एक रबरी नळी लावून धरली आणि आईने किटलीच्या चोचीतून धार सोडली. ओवाळताना निरांजनात तेल सोडावे इतकी बारीक. पहिल्यांदा पाणी तसेच परत आले. मग त्याला तांबूस छटा चढली. मग गडद तपकिरी धार खालच्या घमेल्यात उतरू लागली आणि वाफेबरोबर वास वर आला.

तो वास आम्ही सगळ्यांनीच ओळखला. गळिताचा वास. चालू कारखान्याचा, गाड्यांच्या रांगांचा, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढच्या चुलींचा, भोंग्याचा. काकांनी डोळे मिटून घेतले होते. आईचा हात तसाच होता, धार तुटली नाही. पण तिच्या नाकपुड्या हलताना मी पाहिल्या. वर्षभर न आलेला पाहुणा दारातून नुसता डोकावून जावा तसा तो वास शेडभर फिरला आणि पत्र्याच्या फटीतून निघून गेला.

“अजून एक किटली लागंल,” आई म्हणाली, आणि कोणी न सांगता गेली.

दुसऱ्या किटलीनंतर व्हॉल्व्ह जरासा फिरला. पण धरून ओढायला त्याला काही नव्हतेच. आतून गुळगुळीत वाटी. पक्कड घसरे, लोहचुंबक नुसते गोंजारून परत येई. काकांनी ड्रिलचे नाव काढले. अण्णांनी मान हलवली. भोक पाडताना चुरा आत गेला असता, कदाचित भिंतही.

“मधी पोकळ हाय न्हवं ते?” आईने विचारले.

“हां. वाटीवानी.”

“मग लाकूड घाला की त्यात.”

“लाकूड काय करंल?”

“कोयत्याच्या मुठीला काय करतं?”

आईचे लहानपण आष्टीकडच्या आपल्या माणसांबरोबर उसाच्या फडात गेले होते. लग्नानंतर ती त्याबद्दल फारशी बोलत नसे. मुठीचे लाकूड सुकून आकसले की कोयत्याचे पाते सैल होते आणि तोडताना उडून कोणाच्या तरी पायावर जाते. म्हणून संध्याकाळी कोपीपुढे सगळे कोयते मुठीकडून पाण्यात उभे करून ठेवायचे. सकाळपर्यंत लाकूड फुगते आणि पात्याची दांडी अशी धरते की बैलाने ओढली तरी सुटत नाही. हे तिने आम्हाला समजावून सांगितले नाही. घरी जाऊन मोडक्या खुरप्याची बाभळीची मूठ आणली आणि अण्णांच्या हातात ठेवली.

अण्णांनी ती मूठ तासली, कानशीने घासली, पुन्हा तासली. वाटीत जेमतेम जाईल अशी खुंटी केली. हातानेच दाबून बसवली, तिच्याभोवती सुताची चिंधी गुंडाळली आणि आईने त्या चिंधीवर थेंब थेंब कोमट पाणी सोडले. मग वाट पाहायची होती. शेडमध्ये बसायला दुसरे काही नसल्यामुळे आई गाडीचे दार उघडून आत बसली.

“लई खाली हाय की ही,” ती म्हणाली. “भुईवर मांडी घालून बसल्यावानी. हितून माणसाला रस्ता दिसतो का नुसती लोकायची पायताणं?”

“रस्ता दिसतो,” अण्णा म्हणाले. “उलट लई दिसतो.”

ती स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या घड्याळांकडे पाहत होती. तिने एकावर बोट ठेवून विचारले आणि अण्णांनी सांगितले, हा वेगाचा, हा पेट्रोलचा. “आन् हा तेलाचा.” तिने त्या काचेवरची धूळ पदराने पुसली. इतर काचांवरची तशीच राहू दिली.

ऊन पत्र्यावरून उतरले तेव्हा अण्णांनी चिंधी सोडली. खुंटी गडद आणि गुबगुबीत झाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, आणि मला त्यांचे तळहात दिसले. काळे, तेलकट, ओळखीचे. ओढण्याआधी त्यांनी ती फिरवली. थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आतून काहीतरी किरकिरले. काका डब्यावरून उठले. फिरवता फिरवता अण्णा किंचित मागे झुकले आणि बुडबुडा फुटावा तसा एक ओला, लहानसा आवाज झाला. खुंटी बाहेर आली, आणि तिच्या टोकाला तो व्हॉल्व्ह, काळपट, चिकट, इतका छोटा की त्याने आम्हाला एवढे दमवले याचे नवल वाटावे.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. बॅटरी घेऊन भोकात डोकावले. बराच वेळ डोकावून राहिले.

“भिंत?” काकांनी विचारले.

“आरशावानी,” अण्णा म्हणाले, आणि बॅटरी काकांच्या हातात दिली.

घमेल्यातल्या पाण्याकडे आई थोडा वेळ पाहत राहिली. तेलकट होते, गुरांनाही चालले नसते. तिने ते स्वतःच नेऊन सांडले.

रविवारचा दिवस धुण्यापुसण्यात गेला. केरोसीनने ती वाट पुन्हा पुन्हा धुतली, हवा मारून सुकवली, व्हॉल्व्ह बारीक कागदाने घासून चकचकीत केला. तो आता भोकात स्वतःच्या वजनाने सरकत होता आणि बोट लावले की परत येत होता. स्प्रिंग बसली, नट बसला, नवे तेल गेले. अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकले, पेटले, आणि अण्णा, आई आणि मी, तिघेही त्या एका घड्याळावर वाकलो. काटा थरथरला. क्षणभर काहीच नाही. मग तो उठला, सावकाश, आजारातून उठलेला माणूस भिंतीला धरून उभा राहतो तसा, आणि मध्यावर जाऊन थांबला. अण्णा त्याच्याशी काहीतरी पुटपुटले. इंजिनच्या आवाजात ते मला ऐकू आले नाही.

सोमवारी चाऱ्याचे ट्रक फाटकातून आत आले आणि गाडी बाहेर पडली. आसने दोनच, म्हणून आई अण्णांशेजारी बसली, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली घट्ट धरून. मी बीडला जाऊन तिथून वडवणीची एसटी धरली. वाटेत आमच्या बसने त्यांना मागे टाकले. अण्णा बैलगाडीच्या चालीने चालवत होते. खिडकीतून मला नुसता आईचा डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर दिसला. शेजारची बाई म्हणाली, “कोन गं ही, टबात बसून चालली?”

त्यामुळे मामाच्या दारी मी आधी पोचले. मामा ओसरीवर दोरी वळत बसला होता. त्याने माझ्या पाठीमागे पाहिले, तिथे कोणी नव्हते. “कुठवर आलेत?” त्याने विचारले. मी म्हटले, येतीलच. तो पुन्हा दोरी वळू लागला, पण पीळ उलटा बसत होता. वेळ गेला. उन्हाची तिरीप ओसरीच्या पायरीवरून खाली उतरली. चढावर गाडी तापली असेल का, काटा पडला असेल का, रस्त्याकडेला दोघे उभे असतील का, हे मी मनात आणायचे नाही असे ठरवले आणि दुसरे काही मनात येईना.

आधी मामाचा हात थांबला. मग मलाही ऐकू आला तो आवाज, दूरवरून, जाडा, एकसारखा. गल्लीतली कुत्री पुढे धावत आली आणि त्यांच्या मागून गाडी वळली, स्वतःच्या बळावर, आणि सरळ अंगणात शिरून विहिरीच्या वाटेशी उभी राहिली. अण्णांनी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

“ऱ्हाऊ द्या दाजी,” मामा म्हणाला. “उलीशिक चालू ऱ्हाऊ द्या.”

तो जवळ गेला आणि त्याने तापलेल्या पत्र्यावर तळवा ठेवला. कित्येक महिन्यांत त्या अंगणात कुठलेच इंजिन वाजले नव्हते. शेजारचे लोक दारात आले. अण्णांनी काट्याकडे पाहिले, मग मामाकडे, आणि हात किल्लीवरून काढून घेतला.

“आरं, ऐकत काय उभा ऱ्हायलास,” गाडीच्या आतून आई ओरडली. “हात दे आधी. हिच्यातून आपलं आपल्याला उठता येत न्हाई!”